म्हापशातून घेतलेला संगणकाच्या जुन्या बोर्डांचा लॉट: सहा-सात महिन्यांनंतर

लेबलं सोलून बोर्ड विकणाऱ्याला माझ्याकडून एकही स्टार नाही. काल याच लॉटमधला आणखी एक ईप्रॉम (प्रोग्राम साठवणारी चिप, वरच्या काचेतून उजेड गेला की पुसली जाते) रीडरवर लावला, तर पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत एफएफ. म्हणजे चिप कोरी.

हे बोर्ड शुक्रवारच्या बाजारात किलोवर घेतले होते. ताडपत्रीवर भर उन्हात मांडलेले, स्पिरिटने पुसून चकचकीत. त्या चकचकीतपणाचाच मला राग आहे. ईप्रॉमच्या काचेवर कागद चिकटवतात तो उजेड आत जाऊ नये म्हणून. इंटेलच्या जुन्या डेटाशीटमध्येच दिलंय: ट्यूबलाइटखाली चिप पुसायला साधारण तीन वर्षं लागतात, थेट उन्हात जेमतेम आठवडा. शिवाय त्याच कागदावर बहुतेक वेळा प्रोग्रामचा व्हर्जन नंबर असतो. कार्डाची ओळख आणि प्राण, दोन्ही एका नखाने खरवडले.

बाकी ओळख पटवता येते. चिपवर 8734 असेल तर 1987 चा 34 वा आठवडा. बोर्डावरची सर्वांत नवी तारीख धरायची. पण 7404 दिसलं म्हणून 1974 समजू नका, तो चिपचाच नंबर. खालच्या सोनेरी कडेला एका बाजूने 31 पट्ट्या असल्या की 8 बिट आयएसए (जुन्या पीसीत कार्ड बसवायची पद्धत), पुढे 18 चा वेगळा तुकडा असला की 16 बिट. निकेल-कॅडमियम बॅटरी गळालेला मदरबोर्ड मात्र फुकट दिला तरी नको, आपल्या दमट हवेत तर नकोच.

पावसाळाभर मी म्हणत होतो, लॉट महाग पडला. चवथीच्या सुट्टीत मत बदललं. एका कार्डाचा मागचा कनेक्टर प्रिंटरसारखा, पण प्रिंटरच्या सेंट्रॉनिक्स कनेक्टरला 36 पिना असतात, याला 24. भिंगाखाली मोठ्या चिपवर एनईसी, डी7210. म्हणजे जीपीआयबी! मीटर, ऑसिलोस्कोप संगणकाला जोडायचं कार्ड, कुठल्यातरी प्रयोगशाळेतून निघालेलं असणार. याच्यावर ईप्रॉमच नाही, म्हणून वाचलं. या एका कार्डात सगळे पैसे वसूल.

विकणाऱ्याला म्हटलं, कागदाला हात लावू नको, बोर्डामागे वीस रुपये जास्त देतो. तो म्हणाला, "म्हेळें आसल्यार कोण घेतलो, पात्रांव?" (मळकं असलं तर कोण घेणार, साहेब?) मी घेतो, म्हटलं. पुढच्या शुक्रवारी दोन बोर्डांवर कागद शाबूत होते, तिसऱ्यावर अर्धा. चाळीस रुपये जास्त मोजले, तिसऱ्याचे नाही.