मॅनहॅटन ब्रिजचे उत्तरेकडचे रूळ पुन्हा सुरू झाले: आठ महिन्यांच्या रोजच्या प्रवासानंतर

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात किंग्स हायवे स्टेशनला सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, पकडायची आणि मॅनहॅटनमधल्या रॉकफेलर सेंटरला उतरायचं, हा माझा कामाच्या दिवसांचा रस्ता. 2001च्या जुलैत या दोन भागांना जोडणाऱ्या मॅनहॅटन ब्रिजचे उत्तरेकडचे रूळ बंद झाले, आणि तेव्हापासून त्यात वाटेतल्या हेरल्ड स्क्वेअर स्टेशनला गाडी बदलणं आलं होतं. एका हातात डबा, खांद्यावर बॅग, पुढे मुंगीच्या पावलांनी जिना चढणारी गर्दी, आणि वर पोचेपर्यंत पलीकडच्या गाडीची दारं बंद. अडीच वर्षं हेच चाललं होतं.

22 फेब्रुवारी 2004 ला, रविवारी, पुलाचे उत्तरेकडचे रूळ सुरू झाले. सोमवारी सकाळी मी किंग्स हायवेलाच नारिंगी ‘बी’ गाडीत बसलो आणि थेट ऑफिसपाशी उतरलो. घड्याळात पाच-सात मिनिटांचाच फरक पडतो, पण एकदा जागा मिळाली की शेवटपर्यंत ती आपली. मला ही सोय वेळेपेक्षा मोठी वाटते.

हा पूल 1909चा. सबवेचे चार रूळ मध्यभागी नसून दोन्ही कडांना, दोन-दोन. गाडी आली की त्या बाजूला भार पडायचा, पूल पिळवटायचा, आणि वर्षानुवर्षांच्या त्या पिळाने पोलादाला तडे गेले. म्हणून 1986 पासून कधी एक बाजू बंद, कधी दुसरी. उत्तरेकडचे रूळ मॅनहॅटनमधल्या सिक्स्थ अव्हेन्यूखालच्या मार्गाकडे जातात, दक्षिणेकडचे ब्रॉडवेखालच्या. त्यामुळे एक बाजू मिटली की निम्म्या ब्रुकलिनच्या गाड्यांचे रस्ते बदलायचे.

आता गाड्यांच्या अक्षरांबद्दल. 2001च्या आधी आमच्या किंग्स हायवेच्या मार्गावर, म्हणजे ब्रायटन लाइनवर, ‘डी’ होती आणि ब्रुकलिनमधल्याच वेस्ट एंड लाइनवर ‘बी’. रूळ उघडल्यावर दोघींची अदलाबदल केली. पहिले काही आठवडे मी यावर फार चिडलो होतो. ‘डी’ रात्रंदिवस धावते, आमच्या वाट्याला आलेली ‘बी’ फक्त सोमवार ते शुक्रवार, तीही रात्री उशिरा नाही. पण वेस्ट एंडला राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे जाणं-येणं वाढलं तसं मत बदललं. आमच्याकडे कोणत्याही वेळी ‘क्यू’ गाडी आहेच, ती दक्षिणेकडच्या रुळांवरून जाते. त्यांच्याकडे चोवीस तास धावणारी दुसरी गाडी नाही. ज्याला एकच गाडी, त्याला ती पूर्ण वेळ मिळायला हवी. हा निर्णय बरोबर आहे, असं मी आता मनापासून म्हणतो.

तरी शनिवार-रविवार खटकतात. तेव्हा मॅनहॅटनच्या चायनाटाउनमधल्या ग्रँड स्ट्रीट स्टेशनला जायचं तर ‘क्यू’ने अटलांटिक अव्हेन्यू, तिथून लांबलचक भुयारी वाट तुडवत 2012 पर्यंत पॅसिफिक स्ट्रीट नाव असलेल्या फलाटावर ‘डी’साठी. मेमध्ये आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे दुखतात. ती वाटेत दोनदा भिंतीला टेकून थांबली. नवी रचना करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असणारच; निदान त्या वाटेत बसायला बाक तरी हवेत.

दुसरी तक्रार ब्रुकलिनमधल्याच प्रॉस्पेक्ट पार्क स्टेशनाजवळची. तिथून पुढे चारांचे दोन रूळ होतात, ‘बी’ आणि ‘क्यू’ एकाच वाटेने पुलाआधीच्या डीकॅल्ब स्टेशनापर्यंत जातात. एकीला उशीर झाला की दुसरी बोगद्यात खोळंबते. आठवड्यातून एक-दोनदा हे होतंच, आणि घोषणा क्वचितच नीट ऐकू येते.

ग्रँड स्ट्रीटचं मात्र वेगळं सांगायला हवं. रूळ बंद असताना त्या स्टेशनाला फक्त शटलचा, म्हणजे थोड्या अंतरात ये-जा करणाऱ्या गाडीचा, आधार होता. चायनाटाउनमधून भाजीच्या पिशव्या घेऊन ब्रुकलिनला परतणाऱ्या बायकांची त्यात केवढी फरफट व्हायची! आता संध्याकाळी माझी ‘बी’ तिथे थांबते. दारं उघडतात, लाल प्लास्टिकच्या पिशव्या आत येतात, कोथिंबिरीचा वास डबाभर पसरतो, आणि पुढचं स्टेशन थेट ब्रुकलिनमधलं. गाडी बोगद्यातून वर पुलावर येते. ‘क्यू’च्या खिडकीतून ब्रुकलिन ब्रिज दिसायचा, ‘बी’तून विल्यम्सबर्ग ब्रिज दिसतो. ऑक्टोबरात त्या वेळी त्याचे दिवे नुकतेच लागलेले असतात.