कंबर धरते : योगवर्ग लावावा की कटिबस्ती घ्यावी?

शेजारच्या काकूंची सकाळी उठताना कंबर धरते. सून म्हणते कटिबस्ती (कमरेवर कोमट तेल धरून ठेवायचा आयुर्वेदिक उपचार) घ्या, भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात योगवर्ग लावा.

खर्चात योग सरळ पुढे आहे. नागपुरात रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात योग विनामूल्य शिकवतात. लागते ती सतरंजी आणि पहाटे उठायची तयारी. कटिबस्तीला तेल, माणूस आणि वेळ लागतो, म्हणून खासगीत बिल वाढत जातं. आधी सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद रुग्णालयात चौकशी करावी.

आराम मात्र कटिबस्तीने लवकर वाटतो. पालथं झोपवून कमरेवर उडदाच्या पिठाचं पाळं बसवतात, फटी ओल्या बोटाने लिंपतात आणि आत कोमट तेल ओततात. तेल निवलं की कापसाच्या बोळ्याने टिपून काढायचं, पुन्हा कोमट घालायचं, असं अर्धा-पाऊण तास. आखडलेली कंबर सैल होते, पण तिच्यात बळ येत नाही. ते भुजंगासन, शलभासन नेमाने केल्यावरच येतं, म्हणून टिकाऊपणात माझा कौल योगालाच. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा पहाटेचाच वर्ग गाठावा.

दुखणं ताजं असेल, वाकवतच नसेल, तर वैद्यांना दाखवून कटिबस्ती. बैठ्या कामाने जुनं आखडलेपण असेल तर थेट योगवर्ग. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.