बिल्ल्यावरचं 1851 साल आणि माझे 14,500 रुपये

दिवाळीला तीन आठवडे उरले होते आणि माझं मशीन बंद पडलं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. त्या दिवसांत मशीन बंद म्हणजे वर्षाची कमाई बुडाली. ओळखीच्या बाईंनी गंगावेशीजवळ टेम्पोतून जुनी मशिनं विकणाऱ्या एकाचं नाव सुचवलं.

काळंभोर सिंगर, त्यावर सोनेरी नक्षी, खाली बिडाचं स्टँड. "ताई, बिल्ल्यावर 1851 लिवलंय बघा. पावणेदोनशे वर्साचं स्कॉटलंडचं मशीन हाय. चालवलं तर पोट भरंल, ठिवलं तर लाखाला जाईल." अठरा हजार सांगून त्याने ते 14,500 ला दिलं. त्याच आठवड्यात लक्ष्मीपुरीत नवं पायमशीन स्टँडसकट साडेआठ हजारांना मिळत होतं. तरी मी हेच घेतलं, कारण पुढे मुलीच्या फीला कामी येईल असं वाटलं.

त्याने जीन्सच्या दुपदरी तुकड्यावर शिवून दाखवलं होतं. घरी अस्तराचं पातळ कापड घातलं आणि दर चार बोटांवर टाका सुटायला लागला.

मिस्त्रीकाका आले. त्यांनी आधी हेड उलटं केलं. आत घट्ट ग्रीस थापलेलं होतं, म्हणून खडखड ऐकू येत नव्हती. ते पुसल्यावर सुईदांडी बोटाने हलवली तर चक्क डुलत होती. शटलचं, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या भागाचं, टोक बोथट झालेलं, टाका सुटत होता तो त्यामुळे. मग त्यांनी बिल्ला नखाने खरवडला. काळ्या रंगाखाली 1851 च्या पुढे आणखी एक साल निघालं: 1951. कंपनीच्या शंभरीचा बिल्ला होता तो!

नंतर मी शोधत बसले. सिंगर कंपनीच 1851 मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा कारखाना उघडला 1885 मध्ये. शिवाय 1900 पूर्वीच्या सिंगरवर कोरलेल्या नंबराआधी इंग्रजी अक्षर नसतं. माझ्या मशीनवर दोन अक्षरं स्पष्ट कोरलेली आहेत. घेताना मी त्या नंबराकडे पाहिलंच नाही, याचा अजून त्रास होतो.

आणि खरंच शंभर वर्षांचं असतं तरी लाख कुठून येणार? सिंगरने अशी लाखो मशिनं बनवली. जुन्या मशीनला हौशी माणसाकडून किंमत येते ती मॉडेल दुर्मिळ असेल, मूळ रंग आणि नक्षी शाबूत असेल, सगळे भाग मूळचे असतील तर. माझ्या मशीनवर नवा रंग मारून नक्षीचे स्टिकर चिकटवले होते, म्हणजे तीही किंमत गेली. शिवायलाच घ्यायचं असेल तर साल विचारूच नका. आपलं पातळ कापड आणि दोरा सोबत न्या, निदान हातभर शिवून बघा, सुईदांडी हलवून बघा.

जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' नावाची लाखमोलाची वस्तू असते, असंही तो विकणारा बोलला होता. 2009 मध्ये सौदी अरेबियात याच अफवेपायी लोकांनी जुन्या मशिनांना अवाच्या सवा पैसे मोजले होते. पारा वगैरे काही नसतो.

शटल आणि दुरुस्तीला आणखी 2,200 गेले. बिल घेतलं नव्हतं, त्याचा फोन बंद आहे. गेल्या महिन्यात पापाची तिकटीजवळ असाच एक टेम्पो उभा होता, असं शेजारच्या काकू सांगत होत्या. तुमच्या गल्लीत आला तर बिल्ला आधी खरवडा.