चढावर गाडी धरायची कशी: हाफ क्लच, हँडब्रेक की हिल होल्ड?

१० टक्के चढ म्हणजे १० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. डोळ्यांना तो फारसा वाटत नाही, पण १२०० किलोची गाडी तिथे सुमारे १२० किलोच्या जोराने मागे ओढली जात असते. ब्रेकवरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी जवळपास अर्धा मीटर मागे येते. मागची गाडी चिकटून उभी असेल तर तेवढ्यात ठोकर बसते. हिल होल्ड असलेल्या वरच्या व्हेरिएंटला जास्त पैसे मोजायचे की नाही, हे या एका सेकंदासाठी ठरवायचं आहे.

बरेच जण हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. पुढे निघताना क्षणभर ते ठीक, पण सिग्नल सुटेपर्यंत तसंच उभं राहणं म्हणजे क्लच प्लेट घासत ठेवणं. जळका वास येतो तो तिचाच. ही सवय कृपया सोडा. ऑटोमॅटिकमध्येही नुसत्या रेसवर गाडी धरू नका. ड्युअल क्लच, म्हणजे आत दोन क्लच असलेली ऑटोमॅटिक असेल तर आत तीच घासाघीस चालू असते.

हँडब्रेकची पद्धत जुनी, आणि माझ्या मते मॅन्युअल चालवणाऱ्या प्रत्येकाला आलीच पाहिजे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडी रेस, मग क्लच सावकाश वर. एका क्षणी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथेच पाय स्थिर ठेवायचा आणि हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे येतच नाही. हे अंगवळणी पडायला रिकाम्या चढावर दोन-चार दिवस जातात, पण मग कुठलीही गाडी हातात आली तरी भीती राहत नाही.

हिल होल्ड काय करतं? गाडी चढावर आहे हे सेन्सरला कळतं आणि पाय काढल्यावरही ब्रेकचा दाब साधारण दोन-तीन सेकंद तसाच राहतो. दोन-तीनच, हे विसरू नका. त्याच्या भरवशावर फोन शोधायला वाकलात तर गाडी सुटेल. कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेत स्टुडबेकरने १९३६ मध्येच हिल होल्डर दिला होता. आज मात्र हे काम ईएससीच्याच, म्हणजे घसरणारी गाडी चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेच्या पंप आणि व्हॉल्व्हवर होतं. म्हणूनच मी सांगेन की सनरूफ सोडा, पण ईएससीवाला व्हेरिएंट घ्या. निसरड्या वळणावर गाडी सावरणं हा त्याचा खरा मोल असलेला भाग आहे. हिल होल्ड बहुधा त्याच्यासोबतच येतं. यादीत एकदा तपासून घ्या.

ऑटो होल्डची गोष्ट वेगळी. ते रेस देईपर्यंत गाडी धरून ठेवतं, सपाटीवरसुद्धा. तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्याच्या पायाला मोठा आराम. बाकीच्यांनी त्यासाठी बजेट ताणू नये. हिल डिसेंट कंट्रोल, म्हणजे उतरताना वेग आपोआप आवरणारी सोय, कच्च्या, तीव्र उतारावर कामाची. डांबरी घाटात खालचा गिअर पुरतो.

टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून इंजिनाचा जोर पुढे देणारी) ऑटोमॅटिक सौम्य चढावर स्वतःच तग धरते, तेव्हा तिथे हिल होल्डची निकड कमी. मॅन्युअल घेणाऱ्या नवशिक्याला ते सर्वांत उपयोगी, पण हँडब्रेक शिकून झाल्यावर.

पार्किंगला मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे हँडब्रेकच, सोबत चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिकमध्ये आधी हँडब्रेक आणि मगच पी (पार्क). तसं केलं की गाडीचा भार गिअरबॉक्समधल्या लहानशा खिटीवर येत नाही.

टेस्ट ड्राइव्हला बहुतेक वेळा सपाट रस्त्यावर नेतात. चढ मागून घ्या. मागे कोणी नसताना गाडी थांबवा, ब्रेक सोडा आणि मनात आकडे मोजा. किती आकड्यांनंतर गाडी हलते ते पाहा, आणि मग पैशाचं बोला.