बिगस्बी खरी लागली, पिकअप मात्र गेले

गिटार मॉडिफाय करायला टाकली की आपलं सगळं लक्ष नवीन काय लागणार याकडे असतं. माझ्या गिटारवर डल्ला मारला गेला तो जुन्या मालावर, आणि तोही नवीन काम अगदी चोख करून देऊन. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या आणखी काही जणांच्या गिटारचं असंच झाल्याचं कानावर आलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गिटार गिब्सन कंपनीची एसजी, '61 रीइश्यू (1961च्या मॉडेलची नवी आवृत्ती). त्यात कंपनीचे '57 क्लासिक पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग, होते. अल्निको 2 मॅग्नेट, गोल, ऊबदार आवाज. जुन्या हिंदी गाण्यांचे पीस वाजवताना लांब धरलेल्या कॉर्डला शेवटी हलकी लहर देता यावी म्हणून मला बिगस्बी, म्हणजे दांडा दाबून सूर हलवणारं व्हायब्रॅटो, हवी होती. कॅलिफोर्नियात पॉल बिगस्बी यांनी मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी ती घडवली, कारण त्याच्या गिटारवरच्या आधीच्या व्हायब्रॅटोने तारा सुरात राहत नव्हत्या. रचना आजही तीच आहे: स्प्रिंगवर बसलेला दांडा दाबला की तारा अडकवलेला रूळ किंचित फिरतो.

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका रिपेअरवाल्याचं नाव बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. एसजीचा वरचा भाग सपाट, त्यामुळे बिगस्बीचं बी5 मॉडेल बसतं हे त्याने बरोबर सांगितलं. लाकडात नवीन भोकं पडू नयेत म्हणून व्हायब्रामेटची पट्टी वापरू, ती जुन्या टेलपीसच्या (तारांची मागची टोकं अडकवतात त्या भागाच्या) बोल्टच्या जागीच बसते, हेही बरोबर. तार पुढेमागे सरकताना अडकू नये म्हणून रोलर ब्रिज, म्हणजे तारांखाली फिरत्या चाकांचा आधार. सगळं बोलणं जाणकाराचं. मग म्हणाला, "सर, एवढं उघडतोच आहे तर कॉइल स्प्लिट पण करून टाकू. पुश-पुल पॉट टाकतो, सिंगल कॉइलचा आवाज पण मिळेल."

कॉइल स्प्लिट म्हणजे पिकअपमधल्या दोन कॉइलपैकी एकच वाजवण्याची सोय; पुश-पुल पॉट म्हणजे ओढून ती चालू करायचं बटण. गोम इथे आहे. माझ्या पिकअपना जुन्या पद्धतीची, वरून धातूची जाळी विणलेली एकच वायर होती. तिच्यावर कॉइल स्प्लिट होत नाही. त्यासाठी पिकअप बाहेर काढायचा, वरचं निकेलचं कव्हर उकलायचं आणि आतल्या दोन्ही कॉइलची टोकं वेगळी काढून चार तारांची वायर जोडायची. म्हणजे पिकअप गिटारपासून सुटा करून टेबलावर ठेवायला रीतसर कारण मिळालं.

गिटार परत आली तेव्हा बिगस्बी अस्सल होती. दांड्याची चाल मऊ, सुराला पक्की. पण आवाज चिरका झाला होता, खालच्या पट्टीतला गोडवा गेला होता. विचारलं तर उत्तर तयारच: "बिगस्बी लावली की टोन थोडा बदलतोच सर, टेलपीस बदलला ना." हे उत्तर पूर्ण खोटंही नाही, म्हणूनच ते चालून जातं. टेलपीस बदलल्याने सस्टेनमध्ये (सूर किती वेळ टिकतो त्यात) आणि आवाजाच्या धारेत फरक जाणवतो असं अनेक वादक सांगतात. पण त्याने ऊबदार पिकअप कर्कश होत नाही. माझा जुना स्टॉपबार टेलपीसही परत आला नव्हता. तो मागितल्यावर "शोधून ठेवतो" एवढंच.

पुण्यात एक काका वर्षानुवर्षं व्हायोलिन-गिटारचं काम करतात. त्यांनी आधी काही उघडलंच नाही. जॅकमध्ये केबल घातली, व्हॉल्यूम पूर्ण वर, स्विच एका पिकअपवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला. '57 क्लासिकला साधारण 8 किलोओहम दिसायला हवं. दोन्ही पिकअप 13 च्या वर होते. मग स्क्रू काढून त्यांनी पिकअप उलटा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. कव्हर माझंच होतं, वर्षानुवर्षं पिक घासून पडलेल्या बारीक ओरखड्यांसकट. पण कव्हर बेसप्लेटला (पिकअपच्या तळाच्या धातूच्या पट्टीला) जोडणारे सोल्डरचे दोन्ही डाग नवे, चकचकीत, कडेला फ्लक्सचा (सोल्डर करताना लावतात त्या द्रव्याचा) पिवळा चिकट थर. बेसप्लेटवर 'पेटंट अप्लाइड फॉर'चं लेबल नाही, खाली अल्निकोऐवजी सिरॅमिक मॅग्नेट. माझी कव्हरं काढून ती स्वस्तातल्या पिकअपवर चढवली होती. वरून बघून कुणालाही ओळखता आलं नसतं, इतकं हे काम सफाईचं होतं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. ज्याच्या हातात इतकी कला आहे त्याने ती यासाठी वापरावी!

रिपेअरवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, पिकअप आधीपासून हेच होते. बिलावर फक्त 'बिगस्बी फिटिंग व मॉडिफिकेशन'. वकिलाची नोटीस गेल्यावर टेलपीस आणि कॉइल स्प्लिटचे पैसे परत आले, पिकअपबद्दल मात्र तो हात वर करतो.

गिटार टाकण्याआधी जॅकवरून वर सांगितल्याप्रमाणे रीडिंग घ्या आणि ते जॉब कार्डवर रिपेअरवाल्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. पिकअपची मागची बाजू, वायर आणि आतल्या पॉटवर उठवलेले आकडे यांचे फोटो काढा. सीटीएस कंपनीच्या पॉटवर 137 ने सुरू होणारा कोड असतो, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. निघालेला प्रत्येक भाग परत हवा, हेही लिहून घ्या. जो यावर कुरकुर करेल त्याच्याकडे गिटार ठेवू नका.

आधीच फसला असाल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. विश्वासाने सोपवलेली वस्तू हडपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हाही आहे, हे पोलीस ठाण्यात ठामपणे सांगा. माझी आयोगातली तक्रार दाखल झाली आहे.

आणि एक विनंती. मुंबई-पुण्यात कुणाला कव्हर नसलेली, बेसप्लेटच्या कडेला सोल्डरच्या जुन्या डागांच्या खुणा असलेली '57 क्लासिकची जोडी विकायला आली, तर विकणाऱ्याकडे मूळ बिल मागा. माझ्याकडे ते आहे.