पावसाळाभर डेटालॅडच्या प्रोसिजर वापरल्या, त्याबद्दल

डेटालॅड हे मोठ्या डेटाच्या फायली सांभाळायचं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे पैसे वसूल झाले का हे विचारायला कुणी नाही. शिकायला घातलेला वेळ मात्र वसूल व्हायला अख्खा जून गेला. जुलैत नदी चढायला लागली तेव्हा कुठं फरक जाणवला.

आधी आमचं काम सांगतो. कोल्हापुरात राजारामपुरीत चार-पाच जणांचं ऑफिस. पावसाळ्यात रोज जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांचा पाऊस, धरणांतला साठा आणि राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी नोंदवायची. शिवाय पूरनकाशांसाठी सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रं उतरवायची, कारण आपल्याकडच्या ढगांत साधं उपग्रहचित्र म्हणजे पांढरा कापूस. रडारला ढगाआडचंही दिसतं, पण एकेक चित्र जीबीच्या आसपास जातं. त्यात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा जुना डेटा. नोंदी लहान, चित्रं अवाढव्य आणि हात लावणारे अनेक.

डेटालॅड हे गिट (फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आणि गिट-ॲनेक्स (मोठ्या फायलींसाठी त्याला दिलेली जोड) यांच्यावर बांधलेलं कमांड लाइनचं साधन. मेंदूच्या स्कॅनवर संशोधन करणाऱ्या मंडळींनी ते त्यांच्या कामासाठी काढलं, पण पावसाच्या आकड्यांनाही चालतं. लहान मजकुरी फायली गिटमध्ये ठेवता येतात, मोठ्या ॲनेक्समध्ये. 'गेट' म्हटलं की हवी तेवढीच मोठी फाईल मशीनवर येते, 'ड्रॉप' म्हटलं की जागा मोकळी होते. हे सगळं बरंच लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते 'रन-प्रोसिजर' या कमांडबद्दल.

प्रोसिजर म्हणजे साधी स्क्रिप्ट, शेलमधली किंवा पायथॉनमधली. डेटासेटमधल्या (डेटालॅडनं सांभाळलेल्या फोल्डरातल्या) डॉट-डेटालॅड फोल्डरात 'प्रोसिजर्स' नावाचा फोल्डर करून तिथं ती टाकायची. चालवताना डेटासेटचा पत्ता तिला पहिला आर्ग्युमेंट (स्क्रिप्टला पुरवलेली माहिती) म्हणून आपोआप मिळतो, आपले बाकीचे त्याच्या मागे. एवढंच. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) किंवा मेकफाईलमध्ये (कामांच्या पायऱ्या लिहिलेली फाईल) हे करता आलं नसतं का? आलं असतं. पण माझी क्रॉनची ओळ माझ्या मशीनवर राहते आणि प्रोसिजर डेटाबरोबर फिरते. इचलकरंजीच्या सहकाऱ्यानं डेटासेट क्लोन केला, म्हणजे स्वतःकडं उतरवला, की नियमही त्याच्याकडं पोचले. कुठली स्क्रिप्ट कुठं आहे, हे फोन करून विचारणं बंद झालं.

आता नियम म्हणजे काय, ते बघा. पंचगंगेची पातळी आपल्याकडं फूट-इंचात सांगतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. कुणीतरी ४२ फूट ११ इंच हे एक्सेलमध्ये ४२.११ असं टाकतं. नदी धोक्याला एक इंच कमी आणि कागदावर मात्र जवळपास अकरा इंच खाली! खरा दशांश ४२.९२. त्याहून वाईट म्हणजे ४२ फूट १० इंच. ४२.१० लिहिलं की एक्सेल शेवटचं शून्य खातं, उरतं ४२.१. मग ते एक इंच की दहा इंच, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून आमची पहिली प्रोसिजर फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत मागते, इंच अकराच्या वर गेले की थांबते आणि दशांश स्वतः काढते. काही नोंदी देवनागरी आकड्यांत येतात, त्यांचं काही करावं लागलं नाही. पायथॉनच्या इंट फंक्शनला '४२' दिलं तरी ते बिनतक्रार वाचतं.

दुसरी प्रोसिजर तालुक्यांची नावं एकाच रूपात आणते आणि संशयास्पद ओळींवर खूण करते. जुलैत कमी पावसाच्या शिरोळचा पाऊस धो-धो पावसाच्या गगनबावड्यापेक्षा जास्त दिसला, तर ते अगदीच अशक्य नाही, पण बहुतेक वेळा ओळींची अदलाबदल झालेली असते. स्क्रिप्ट काही खोडत नाही, निर्णय माणसानं घ्यायचा.

'डिस्कव्हर' हा पर्याय मला सगळ्यात आवडला. उपलब्ध प्रोसिजरची यादी आणि त्या कुठं ठेवल्यात, ते तो दाखवतो. त्यात तयार मिळणाऱ्याही दिसतात. 'टेक्स्ट-टू-गिट' तर डेटासेट तयार करतानाच लावून टाका. त्यामुळे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या) फायली गिटमध्ये राहतात आणि सरळ संपादित करता येतात. एक जपायचं: त्याच नावाची प्रोसिजर तुमच्या स्वतःच्या युजर फोल्डरात असेल, तर आधी तीच उचलली जाते.

आता तक्रारी. एक म्हणजे कुलूप. ॲनेक्समधली फाईल मुळात लॉक असते, एक्सेलची वहीही त्यात आली. आमची धाकटी सहकारी पहिल्याच आठवड्यात वैतागली. "दादा, मी सकाळपासनं बघतोय, सेव्हच होईना झालंय!" आधी 'अनलॉक', मग बदल, मग 'सेव्ह' हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत चिडचिड होते. आम्ही रोजच्या नोंदी सीएसव्हीत नेल्या आणि तंटा मिटला.

दुसरी, विंडोज. चालतं, पण रखडत. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात चालवा, उगाच जिद्दीला पेटू नका.

तिसरी जरा खोल आहे. प्रोसिजर चालली म्हणजे बदल जतन झाले असं नाही. 'सेव्ह' स्क्रिप्टमध्येच लिहावं लागतं. कुठली कमांड कशावर चालली याची नोंद हवी असेल, तर 'रन' ही वेगळी कमांड आहे. चालवलेली कमांड, इनपुट आणि आउटपुट हे 'रन' कमिटमध्ये (गिटमधल्या जतन केलेल्या नोंदीत) लिहून ठेवते, पुढं 'रीरन'नं तेच परत करता येतं. आम्ही साफसफाईला प्रोसिजर आणि नकाशांच्या गणिताला 'रन' अशी वाटणी केलीय. मदतपानांवर हा फरक ठळक हवा होता. चुकीचे संदेशही लांबलचक पायथॉनी. शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेलं की बरं पडतं.

'ड्रॉप'बद्दल मात्र लई भारी म्हणावं लागेल. ऐन पुरात डिस्क भरली, नेट गेलं, आणि जागा करायला आम्ही रडार चित्रं काढायला निघालो. दुसरीकडं प्रत असल्याची खात्री करता येईना म्हणून त्यानं साफ नकार दिला. त्या दिवशी राग आला होता. नेट आल्यावर कळलं, त्यातली काही चित्रं खरंच दुसरीकडं पोचलीच नव्हती.

एकट्यानं एकच एक्सेल सांभाळणाऱ्यानं याच्या वाटेला जाऊ नये. दोन-तीन मशीन, मोठ्या फायली आणि दरवर्षी तेच काम असेल, तर जरूर बघा. आणि अनोळखी ठिकाणाहून डेटासेट क्लोन केलात, तर त्यातली प्रोसिजर आधी एडिटरमध्ये उघडून वाचा. ती तुमच्या मशीनवर काहीही करू शकते, डेटालॅड तिला अडवत नाही.