चौदा हजारांचा दाखला

माझ्याकडे अकरा डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, होती आणि त्यातली नऊ नुसती पडून. कोल्हापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे, जोडीला लहान व्यावसायिकांच्या वेबसाइट करून देतो. त्यामुळे काही सुचलं की आधी नाव घेऊन टाकायचं, ही खोड. पहिल्या वर्षी ९९ रुपयांत मिळतं, दुसऱ्या वर्षापासून हजार-बाराशे. बायको म्हणते, "दरवर्षी त्या नावांचं श्राद्ध घालताय तुम्ही." खोटं नाही.

त्यातलं एक २०१४ सालचं. त्या वर्षी कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. मामेभावाचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, म्हटलं याचा गूळ आपण ऑनलाइन विकू. नाव घेतलं, साइट कधी झालीच नाही. 'गूळ' इंग्रजी अक्षरांत लिहिलं की 'गुल' असंही वाचता येतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जिओहॉटस्टारची बातमी गाजली. दिल्लीच्या एका तरुणाने ते नाव आधीच घेऊन ठेवलं होतं आणि केंब्रिजच्या शिक्षणासाठी त्याने रिलायन्सकडे एक कोटी मागितले. आमच्या भाच्याने बातमी पाठवून वर लिहिलं, "मामा, तुझ्याकडे तर अकरा आहेत." रिलायन्सने नकार दिला आणि ते नाव पुढे दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं, हा बातमीचा दुसरा भाग मी वाचलाच नाही. त्याच रात्री नऊच्या नऊ नावांवर 'विकणे आहे' असं एक पान टाकलं आणि खाली माझा ईमेल दिला.

डिसेंबरात मेल आला. लिहिणारा स्वतःला कॅनडातला सल्लागार म्हणवत होता. त्याच्या गुंतवणूकदाराला गुळाचं नाव हवं होतं, किंमत ८,५०० डॉलर. म्हणजे सात लाखांच्या वर! मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, उतावळा दिसायला नको म्हणून. मग लिहिलं की दहा हजार द्या. तो म्हणाला, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी ९,००० वर आला. ही घासाघीसच मला भोवली. जो माणूस भाव करतो तो चोर कसा असेल, असं मला वाटलं.

पाचव्या मेलमध्ये मुद्दा आला. "तुमच्याकडे मूल्यांकनाचा दाखला आहे का? यंत्राने काढलेली किंमत गुंतवणूकदार मानत नाही, माणसाने तपासलेली हवी, ट्रेडमार्कच्या पडताळणीसह. तुम्हाला कुठली संस्था माहीत नसेल तर इथे वाचा." सोबत प्रश्नोत्तरांच्या एका पानाचा दुवा. तिथे अगदी माझ्यासारखाच कुणीतरी विचारत होता की असा दाखला कुठे मिळतो, आणि दोघा-तिघांनी एकाच साइटचं नाव सुचवलं होतं. एकाने तर 'थोडे महाग आहेत, पण काम चोख' असा शेराही मारला होता. ते 'थोडे महाग' वाचून माझी उरलीसुरली शंका फिटली.

मूल्यांकनाचे ९९ डॉलर, ट्रेडमार्कचे ६० वेगळे. क्रेडिट कार्डावर पैसे भरले. परदेशी साइट पुष्कळदा ओटीपी विचारतच नाही, इथेही विचारला नाही. परकीय चलनाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी धरून १४,०७३ रुपये गेले.

दोन दिवसांत दाखला हातात. कडेला सोनेरी वेलबुट्टी, खाली गोल शिक्का, किंमत ११,२०० डॉलर. मी आनंदाने बायकोला दाखवायला गेलो. तिने चष्मा लावून सगळा वाचला आणि विचारलं, "अहो, यात फुलांचं काय चाललंय?" खरंच, 'नावाचे बलस्थान' या मथळ्याखाली लिहिलं होतं की गुल म्हणजे फूल, आणि फुलांच्या व्यवसायात अशा नावाला जगभर मागणी आहे. गुळाचा 'ग' सुद्धा नव्हता. मी म्हटलं, असेना, किंमत तर बरोबर आहे ना!

दाखला पाठवला. उत्तर आलं, "उत्तम. पैसे कसे घेणार, बँकेत की एस्क्रोने?" मी एस्क्रो, म्हणजे मध्यस्थामार्फत, असं सांगितलं. त्यानंतर एकही मेल नाही. मी सहा पाठवले.

आठवड्याने रात्री एकटाच दुकानात बसून मी ते केलं, जे गिऱ्हाइकासाठी मी रोज करतो. दाखला देणाऱ्या साइटच्या नोंदणीची माहिती काढली. नाव घेतल्याला जेमतेम सव्वा महिना झाला होता. साइटवर मात्र ठळक अक्षरांत, '२००९ पासून आपल्या सेवेत'. प्रश्नोत्तरांचं पान ज्या नावावर होतं तेही त्याच आठवड्यातलं. मालकाचं नाव हल्ली झाकलेलं असतं, पण नोंदणीची तारीख कुणालाही फुकट दिसते. डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाका, दोन मिनिटांचं काम. मी याच धंद्यातला असून ती दोन मिनिटं काढली नाहीत.

बँकेत तक्रार केली. तिथले साहेब म्हणाले, तुम्ही दाखल्याचे पैसे दिले, दाखला मिळाला, मग फसवणूक कुठली? खेळी इथेच आहे. खरेदीदार आणि दाखला देणारा एकच, पण कागदोपत्री दोघांचा संबंध नाही. १९३० वर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोच मिळाली. पैसे आले नाहीत.

धंद्यातल्या एका जुन्या मित्राला सांगितलं तर तो हसला. ही युक्ती बरीच जुनी आहे म्हणे. खऱ्या खरेदीदाराला किंमत तपासायची असेल तर तो स्वतःच्या खर्चाने तपासतो, विकणाऱ्याकडून दाखला मागत नाही. विकायचंच असेल तर सेडो किंवा आफ्टरनिकसारख्या बाजारात नाव लावून ठेवायचं, विकलं गेलं तर ते कमिशन कापून घेतात. आणि एस्क्रो म्हणजे आधी पैसे मध्यस्थाकडे जमा, मगच ट्रान्सफर कोड, म्हणजे नाव दुसऱ्याकडे हलवायचा संकेत, द्यायचा. मध्यस्थही आपण निवडलेला हवा. खरेदीदाराने पाठवलेल्या दुव्यावरचा एस्क्रोसुद्धा बनावट निघतो.

या रागात मी उरलेली नावं सोडून द्यायला निघालो होतो. त्याने तिथेही अडवलं. त्याच्या ओळखीच्या एका क्लासवाल्याने जुनं नाव असंच सोडलं. डॉट कॉम मुदत संपली की लगेच मोकळं होत नाही. नाव विकणाऱ्या कंपनीप्रमाणे दीड महिन्यापर्यंत सवलत, मग ३० दिवस दंड भरून परत घेता येतं, त्यानंतर ५ दिवसांनी खुलं. खुलं होताच ते कुणीतरी उचललं आणि त्यावर रमीच्या जाहिराती लावल्या. क्लासच्या फलकावरचा क्यूआर कोड मात्र तसाच! पोरांचे आईबाप स्कॅन करत होते आणि समोर पत्ते. त्याहून वाईट म्हणजे क्लासचा ईमेल त्याच नावावर होता. नवा मालक तोच पत्ता पुन्हा तयार करू शकतो, आणि मग पासवर्ड बदलण्याचे मेल त्याच्याकडे जातात.

म्हणून मी एकेक नाव घेऊन बसलो. कुठे लॉगिनला त्यावरचा ईमेल दिलाय, गूगलच्या नकाशावर, जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर ते आहे का, सगळं पाहिलं. दोन नावांवर जुन्या गिऱ्हाइकांचे ईमेल अजून चालू निघाले, ती ठेवली. सहा कुठेच नव्हती, त्यांचं ऑटो-रिन्यू बंद केलं. उरलं गुळाचं.

मामेभावाला सगळा प्रकार सांगितला. तो म्हणाला, "दादा, मग ते नाव मलाच दे की." साइट वगैरे काही केली नाही. नाव टाकलं की थेट त्याचं व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, इतकंच. गेल्या हंगामात त्यावरून नऊ जणांनी गूळ मागवला, त्यातल्या पुण्याच्या एका बाईंनी एक किलोचे वीस रवे. एकाने काकवी विचारली होती, ती तेव्हा संपली होती.